चकाकी कोठून येते?

पावसाळा ओसरल्यावर नदीकाठी हिंडताना आपण सर्वांनीच कधी ना कधी गोटे वेचले असतील. पाण्यात पडलेला गोटा किती सुंदर दिसतो! त्याचा तांबूस, हिरवट किंवा काळा रंग खुलून आलेला असतो आणि त्याच्या अंगावर तकतकी असते. मोठ्या हौसेने तो गोटा आपण खिशात घालून घरी आणतो. पण घरी येऊन पाहावे, तर तो अगदी निस्तेज झालेला! गोटा तर तोच. मग वाटेत त्याची चकाकी गेली कोठे?

या प्रश्नाचे उत्तर मला एका पेनाने शिकविले.

हल्ली पुष्कळ हौशी कारागीर स्वतःच्या हातांनी पेन घडवितात. त्यासाठी लाकूड वापरतात, तसेच ओतीव रेझीनही वापरतात. रेझीन म्हणजे कृत्रिम राळच म्हणा ना. ते आरंभी काकवीसारखे दाट व प्रवाही असते. त्यात रंग मिसळतात, मोजून हार्डनर घालतात आणि ते मिश्रण साच्यात ओततात. काही काळाने रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट व कठीण होते. दोन रंग अर्धवट मिसळले असतील, तर आत ढगांसारख्या किंवा लाटांसारख्या सुरेख आकृती उमटतात.

या रेझीनच्या कांडीला आरपार भोक पाडून त्यात पितळेची बारीक नळी चिकटवितात. मग ती कांडी एका दांड्यावर चढवून लेथवर बसवितात. कांडीच्या दोन्ही टोकांना धातूच्या कड्या असतात. पेनाला पुढे जे धातूचे भाग जोडावयाचे, त्यांच्याच जाडीच्या या कड्या असतात. लेथ सुरू झाला, की कांडी गरगर फिरू लागते आणि धारदार हत्याराने तिला कातून कड्यांच्या जाडीला आणतात. एवढे झाले, की पेनाला आकार येतो.

परंतु या वेळी ते पेन पाहिले, तर आपली निराशा होते. आतील ढग व लाटा धुक्याआड गेल्यासारख्या दिसतात. नवशिक्याला वाटते, आता यावर एखादे रोगण फासले की झाले. लाकडाला रोगण लागते हे खरे. पण रेझीनला ते लागत नाही. त्याची चकाकी त्याच्या अंगातच असते. तिच्यावरचे आवरण तेवढे दूर करावयाचे असते आणि ते आवरण म्हणजे हत्याराने पडलेले असंख्य बारीक चरे.

आरशासारख्या सपाट पृष्ठावर पडलेले प्रकाशकिरण शिस्तीने एकाच दिशेस परत फिरतात. म्हणून तेथे आपल्याला खिडकीचे किंवा दिव्याचे स्वच्छ प्रतिबिंब दिसते. उलट, चरे पडलेल्या पृष्ठावरून तेच किरण दाही दिशांना विखुरतात. या विखुरलेल्या प्रकाशामुळे पृष्ठ पांढुरके दिसते आणि आतील रंग झाकोळतो. तेव्हा चकाकी आणणे म्हणजे चरे बारीक, अधिक बारीक, आणि अखेर डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक करणे होय. थोर शास्त्रज्ञ न्यूटन याने स्वतःच्या हातांनी आरसा घासून १६६८ साली परावर्तक दुर्बीण तयार केली होती. काचेला झिलई दिली म्हणजे तिच्यावरील चरे अजिबात नाहीसे होतात असे नव्हे. ते केवळ दिसेनासे होतात, हे त्याने १७०४ सालच्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात सांगून ठेवले आहे.

हे चरे बारीक करावयाचे, ते पॉलिश पेपरने. या कागदावर कठीण कण चिकटविलेले असतात आणि कागदाच्या पाठीवर एक क्रमांक छापलेला असतो. क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक. ४०० क्रमांकाच्या कागदावरील कण मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा असतो. प्रथम २४० क्रमांकाचा कागद घ्यावा. त्याने हत्याराचे चरे जातात. पण त्या कागदाचे स्वतःचे चरे मागे राहतात. ते ३२० ने काढावयाचे, ३२० चे ४०० ने काढावयाचे. त्यानंतर मऊ गादीवर बसविलेले कापडी तुकडे वापरतात. त्यांचा नऊ तुकड्यांचा संच मिळतो. त्यांवर १५०० पासून १२००० पर्यंत क्रमांक असतात. मात्र ही मोजणी कागदाच्या मोजणीहून वेगळी असते. शेवटी प्लॅस्टिकसाठी असलेली झिलईची लुकणी मऊ फडक्यावर घेऊन हलकेच फिरवितात.

या कामात पाणी हा फार मोठा मदतनीस आहे. घासण्याने उष्णता निर्माण होते व तापलेले रेझीन मऊ पडून खराब होते. पाणी त्याला थंड ठेवते, आणि निघालेला भुगाही वाहून नेते. प्रत्येक क्रमांकानंतर लेथ थांबवून कांडी लांबीच्या दिशेनेही घासावी. फिरत्या कांडीवर चरे वर्तुळाकार पडतात. ते उभ्या घासण्याने चटकन उघडे पडतात. मग कांडी स्वच्छ पुसावी. मागच्या कागदाचा एखादाच कण राहिला, तरी तो पुढचे सारे काम बिघडवितो. लेथजवळ सैल बाह्या असू नयेत, कागदाची पट्टी बोटाभोवती गुंडाळू नये, डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडके असावे आणि जाणत्या माणसावाचून मुलांनी लेथ सुरू करू नये, हे वेगळे सांगावयास नकोच.

आता माझी गोष्ट सांगतो. मला शाळेत गणित शिकविणारे गुरुजी सेवानिवृत्त होणार होते. त्यांना स्वतः घडविलेले निळे पेन द्यावे, असे मी ठरविले. समारंभाच्या आदल्या सायंकाळी कातकाम संपले. रात्र होत चालली होती. २४० चा कागद फिरवून झाल्यावर ३२० व ४०० हे दोन्ही क्रमांक मी गाळले आणि एकदम कापडी तुकडे हाती घेतले. पुढील कागद तर अधिक बारीक आहेत. तेच सर्व चरे काढतील, असा माझा समज होता. दिव्याखाली ओले पेन असे झळकले, की मी खूश होऊन निजलो.

सकाळी खिडकीपाशी ते पेन धरले आणि माझा चेहरा उतरला. पेन वाळले होते आणि त्याच्या सर्वांगावर बारीक वर्तुळाकार चरे स्पष्ट दिसत होते. बारीक कागद खोल चरा काढू शकत नाही. तो इतके थोडे खरवडतो, की चऱ्याच्या तळापर्यंत पोहोचतच नाही. त्याने फक्त चऱ्यांनाच झिलई दिली होती! आणि रात्री मी जी चकाकी पाहिली, ती पेनाची नव्हे, पाण्याची होती. पाण्याने चरे भरून काढून वर आपले गुळगुळीत आवरण पसरले होते.

आता ३२० पासून पुन्हा आरंभ करणे भाग होते. पण कांडी तर आधीच कड्यांच्या जाडीला आलेली. आणखी घासावे, तर ती बारीक होणार. तरी केले. एकेक क्रमांक, मध्ये पुसणे, वाळविणे, उजेडात पाहणे, मग पुढचा क्रमांक. समारंभ हुकला. दोन दिवसांनी मी पेन घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी ते खिडकीकडे धरून फिरविले. निळ्या ढगांवर खिडकीचे गज स्वच्छ उमटले होते. मात्र रेझीन व धातू यांच्या सांध्यावर त्यांचे नख किंचित अडले.

“गुरुजी, ही चूक माझीच,” असे म्हणून मी त्यांना सर्व हकीकत सांगितली.

गुरुजी हसले व म्हणाले, “अरे, गणितातही तू पायऱ्या गाळायचास!”

मुलांनो, नदीकाठच्या गोट्याची चकाकी कोठे गेली, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. ती त्याची नव्हतीच. पाण्याने त्याला घटकाभर उसनी दिलेली होती. पाणी वाळले आणि उसने तेज गेले. जे तेज वाळल्यावरही टिकते, ते एकेक चरा झिजवूनच मिळवावे लागते.