ब्लॉक गेलेला नाही, बोअर झिजलाय

"ब्लॉक गेलो, आता दुसरो घाल." कुडाळात जुन्या पद्मिनीच्या किंवा अॅम्बेसिडरच्या सायलेन्सरमधून निळा धूर दिसला, की हा निकाल ठरलेला. ना मोजमाप, ना तपासणी. त्यापायी धडधाकट बिडाचा ब्लॉक भंगारात निघतो, याचा संताप येतो.

गैरसमज : इंजिन ऑइल खातंय म्हणजे ब्लॉक बाद.

वस्तुस्थिती : निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच. ते झिजलेल्या वाल्व गाइडमधूनही उतरतं. म्हणून आधी कॉम्प्रेशन मोजा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगा-बोअरचा; जागचा हलला नाही तर वाल्व किंवा गॅस्केट बघा.

बोअर झिजला असला तरी ब्लॉक वाचतो. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर. झीज सर्वांत जास्त होते ती वरच्या टोकाला, जिथे पिस्टन उलटतो. तिथे उष्णता जास्त आणि ऑइल कमी. हेड उतरवून सिलिंडरच्या भिंतीवर नख खालून वर फिरवा. काठाजवळ ते पायरीला अडकतं. निर्णय मात्र नखावर नको. बोअर गेजनं वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजलं, की सिलिंडर किती निमुळता आणि किती लंबगोल झालाय ते कळतं.

मग बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घालायचे. ती मर्यादा संपली, की स्लीव्ह दाबून बसवायची आणि बोअर परत ६८ वर आणायचा. ब्लॉक बदलण्याचा विचार रास्त ठरतो तो वॉटर जॅकेटला मोठा तडा गेला, कनेक्टिंग रॉडनं भिंत फोडली किंवा मेन बेअरिंगची बैठक दुरुस्तीपलीकडे बिघडली तरच.

गैरसमज : ब्लॉक बदलला तर कोणाला कळतंय?

वस्तुस्थिती : इंजिन नंबर ब्लॉकवरच कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. ब्लॉक बदलायचाच तर आधी ओरोसच्या आरटीओत विचारा, नवा नंबर नोंदवून घ्या. शिवाय केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणीसाठी खासगी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार चालत नाही. पेट्रोल पद्मिनीत डिझेल इंजिन बसवलं, की हा दावा संपला.

आणखी काही :

- *नुसत्या रिंगा बदलल्या की झालं.* लंबगोल बोअरमध्ये गोल रिंग नीट बसत नाही.
- *जाड ऑइलनं धूर जातो.* काही दिवस लपतो, झीज चालूच राहते.
- *जुन्या बाजारातला ब्लॉक म्हणजे सुटलो.* तोही झिजलेलाच असतो. मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.
- *रेडिएटरला विहिरीचं पाणी चालतं.* क्षारांचे थर आणि गंज वॉटर जॅकेट आतून तुंबवतात. कूलंट वापरा.
- *उभी गाडी झिजत नाही.* कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने बंद ठेवलेल्या इंजिनात बोअरला गंज धरतो, रिंगा चिकटतात.

म्हणून पुढच्या वेळी कोणी "ब्लॉक गेलो" म्हणालं, की चारही सिलिंडरची मापं कागदावर लिहून मागा. मापं नसतील, तर ब्लॉक उतरवू देऊ नका.