कापुस्तिन यार : पलटणीने वसविलेले अंतराळद्वार

व्होल्गोग्राडहून पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर, व्होल्गेची अख्तुबा नावाची शाखा जिथे वृक्षहीन माळाच्या कडेकडेने वाहते, तिथे कापुस्तिन यार हे जुने खेडे लागते. आणि त्याच्या शेजारी झ्नामेन्स्क हे लष्करी शहर आहे, ज्याच्या वेशीच्या आत परवान्यावाचून परक्याला आजही पाऊल टाकता येत नाही. आपला पहिला उपग्रह ‘आर्यभट’ रशियातून सोडला गेला, एवढे आपण शाळेत पाठ केले. परंतु तो ज्या भूमीवरून उडाला ती मुळात तोफखान्याची भूमी होती, हे क्वचितच कोणी सांगितले.

१३ मे १९४६ रोजी स्टालिनच्या सहीने जे फर्मान निघाले, त्यात अग्निबाणांच्या चाचणीसाठी स्वतंत्र क्षेत्र उभारण्याची आज्ञा होती. त्याची मुखत्यारी मेजर जनरल वासिली वोझ्न्युक या तोफखान्याच्या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली आणि ती त्याने १९७३ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, सांभाळली. १९४७ साली जागा मुक्रर झाली तेव्हा तिथे तंबू, जमिनीत खोदलेली खोपटी आणि रेल्वेचे डबे यांखेरीज निवारा नव्हता. त्याच वर्षी एक विशेष ब्रिगेडही तिथे दाखल झाली. महायुद्धात ‘कात्यूशा’ अग्निबाण डागणाऱ्या ९२व्या गार्ड्स रेजिमेंटमधून ती ऑगस्ट १९४६मध्ये जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात उभी केली होती आणि जनरल त्वेरेत्स्की तिचा प्रमुख होता. सोव्हिएत अग्निबाणदलाची वंशावळ या पलटणीपासून सुरू होते.

१८ ऑक्टोबर १९४७ रोजी सकाळी पहिला अग्निबाण उडाला. तो जर्मनांचा व्ही-२ होता. पाडाव केलेल्या सुट्या भागांतून जुळविलेला. दोनशेहून अधिक किलोमीटर अंतर त्याने कापले, पण लक्ष्याच्या डावीकडे तो बराच भरकटला. दुसरा तर त्याहून कितीतरी अधिक डावीकडे वळला, आणि तो साराटोव्ह शहरावर जाऊन आदळला असता तर काय, या प्रश्नाने गुप्तपोलिस खात्याच्या सेरोव्हने उपस्थित अभियंत्यांना चांगलेच धारेवर धरले. दोष सापडला तो युद्धानंतर रशियात आणलेल्या माग्नुस आणि होख या दोघा जर्मन तज्ज्ञांना. अग्निबाणाच्या कंपनांमुळे दिशादर्शक भोवऱ्याच्या संकेतात विद्युत्-गोंगाट मिसळत होता; मध्ये एक गाळणी बसविताच बाण सरळ जाऊ लागला. त्यांना मिळालेल्या बक्षिसात रुबलांबरोबर शुद्ध मद्यार्काचा डबाही होता, अशी आठवण अभियंता बोरीस चेर्तोकने नोंदवून ठेवली आहे. जेत्याने जिताकडून विद्या घ्यावी हे इतिहासात नवे नाही. इथे ती फारशी लाजही न बाळगता घेतली गेली, हे मला विशेष वाटते.

पुढे २२ जुलै १९५१ रोजी देझिक आणि त्सिगान ही दोन कुत्री इथूनच सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर जाऊन जिवंत परतली. आठवड्याभरात दुसऱ्या उड्डाणात देझिक दगावला, तेव्हा चाचणी आयोगाचे अध्यक्ष ब्लागोन्राव्होव्ह यांनी त्सिगानला आपल्या घरी नेले. ही कोमल गोष्ट सांगताना याच क्षेत्रातील दुसरी नोंद विसरू नये : २ फेब्रुवारी १९५६ रोजी इथून सुटलेल्या आर-५एम अग्निबाणाने खरा अण्वस्त्रगोळा बाराशे किलोमीटरवर नेऊन फोडला. १९५९मध्ये मूळ ब्रिगेडच्या तुकड्या हेच अग्निबाण घेऊन काही महिने पूर्व जर्मनीत तैनात होत्या.

अधिक पल्ल्याच्या अग्निबाणासाठी बायकोनूर उभे राहिले आणि कीर्ती तिकडे गेली. कापुस्तिन यारच्या वाट्याला लहान उपग्रह आले. १६ मार्च १९६२ रोजी येथून ‘कॉसमॉस’ मालिकेचा प्रारंभ झाला. पहिले प्रक्षेपक द्नेप्रोपेत्रोव्स्कच्या यान्गेल यांच्या संस्थेने आर-१२ या युद्धाच्या क्षेपणास्त्रावर दुसरा टप्पा चढवून सिद्ध केले होते, आणि ‘आर्यभट’ नेणाऱ्या कॉसमॉस-३एमचा आराखडाही आरंभी तिथलाच. यू. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरच्या पीन्या भागातील पत्र्याच्या शेडांत घडलेला तो ३६० किलोंचा उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी कक्षेत गेला. करार सोव्हिएत विज्ञान अकादमीशी होता खरा, पण अग्निबाण उभा करणारे, इंधन भरणारे आणि कळ दाबणारे हात लष्कराचे होते. विद्युत्पुरवठ्यातील बिघाडाने वैज्ञानिक प्रयोग काही दिवसांतच थांबले, तरी ‘आर्यभट’ दोन रुपयांच्या नोटेच्या पाठीवर बसून घरोघर पोचला. १९७९ आणि १९८१ साली ‘भास्कर’चे दोन्ही उपग्रहही येथूनच सुटले.

अमेरिकेबरोबरच्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील करारानुसार शेवटची ‘पायोनियर’ क्षेपणास्त्रे मे १९९१मध्ये येथेच नष्ट करण्यात आली. पुढे तो करारच राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी रशियाने ‘ओरेश्निक’ हे मध्यम पल्ल्याचेच नवे क्षेपणास्त्र युक्रेनवर डागले. युक्रेनच्या लष्करी गुप्तवार्ता खात्याच्या निवेदनानुसार ते कापुस्तिन यारहून सुटले होते. आणि ते पडले द्नीप्रो शहरात, म्हणजे पूर्वीच्या द्नेप्रोपेत्रोव्स्कमध्ये, यान्गेल यांचे अग्निबाण जिथे घडत त्याच कारखान्यावर.