पंप वाढवलेला ट्रॅक्टर आणि प्रबंधातलं ‘मर्यादा’चं पान



संशोधनाची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, “पेपरमध्ये मर्यादा लिहायच्या म्हणजे आपणच आपलं काम कमी दाखवायचं का?” याचं उत्तर मला लॅबमध्ये नाही, भोकरला मामाच्या शेतात मिळालं.

मामानं जुना ट्रॅक्टर घेतला. विकणाऱ्यानं काळ्या जमिनीत पल्टी नांगर लावून दाखवला. इंजिन कुठंच दबलं नाही, तिथंच सौदा झाला. उन्हाळी नांगरटीत मात्र काळा धूर सुरू झाला आणि डिझेल जास्त जाऊ लागलं. दिवाळीच्या तोंडावर इंजिनाचं काम निघालं. सोयाबीनचे पैसे त्यातच गेले. मिस्त्रीनं बघितलं तर डिझेल पंपाचं सील तोडलेलं. “पंप वाढवलाय की हो ह्याचा!”

मामा एवढंच म्हणाला, “वढत व्हता हे खरं हाय. बाकीचं कामून सांगितलं न्हाई त्यानं?”

हे वाक्य नीट बघा. विकणारा खोटं बोलला नव्हता. त्यानं दाखवलेला प्रयोग खरा होता, फक्त अर्धा होता.

पंप वाढवणं म्हणजे काय? डिझेल इंजिनात ताकद ठरते ती प्रत्येक वेळी आत किती डिझेल सोडलं यावर. टर्बो नसलेल्या इंजिनात ठरावीक वेगाला आत येणारी हवा मात्र जवळपास तेवढीच राहते. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. धूर होऊ नये म्हणून कंपनी याहून बरीच जास्त हवा उरेल असं सेटिंग करते आणि पंपाला सील लावते. मिस्त्री स्क्रू फिरवून डिझेल वाढवतो तेव्हा ओढ खरंच वाढते. पण हवा पुरत नाही, काही डिझेल अर्धवट जळतं, त्याचा काळा धूर होतो. तापमान वाढतं, पिस्टन आणि हेडवर ताण येतो. क्लच आणि गिअरबॉक्स तर जुन्याच ताकदीच्या हिशेबानं बनवलेले असतात. फायदा पहिल्या दिवशी दिसतो, तोटा हळूहळू बाहेर येतो. त्यामुळे एका दिवसाच्या चाचणीत तो सापडतच नाही.

ही फसगत जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मोट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्यानं ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. तो प्रसिद्ध हेन्री फोर्डच्या कंपनीचा नव्हता, दुसऱ्याच एका कंपनीचा होता, आणि त्यानं मालकाला पार जेरीस आणलं. क्रोझियर पुढे विधिमंडळात गेले. १९१९ मध्ये तिथं कायदा झाला: ट्रॅक्टरचं मॉडेल राज्यात विकायचं तर आधी विद्यापीठानं त्याची चाचणी घ्यायची. १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या. त्या अहवालांत ताकद आणि इंधनाच्या आकड्यांसोबत चाचणीच्या काळात काय दुरुस्त करावं लागलं, हेही छापलेलं असतं.

आपल्याकडे हेच काम मध्य प्रदेशातल्या बुदनीची केंद्रीय संस्था करते. तिच्या अहवालात पीटीओची ताकद आणि डिझेलचा खप असतो, तसंच चाचणीतले बिघाड आणि इंजिन खोलून मोजलेली झीजसुद्धा असते. नवा ट्रॅक्टर घेण्याआधी तो अहवाल जरूर वाचा. जुना घेताना पंपाचं सील बघा, इंजिन थंड असताना सुरू करायला लावा आणि पूर्ण लोडवर धुराचा रंग बघा.

आता माझी गोष्ट. पाण्यातलं फ्लोराइड शोषून घेणाऱ्या एका पदार्थावर मी काम करतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. डिस्टिल्ड पाण्यात माझा पदार्थ छान चालला. मग गावाकडच्या बोअरचं पाणी आणून तपासलं तर क्षमता बरीच घसरली. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. ते पाण्याचा पीएच वाढवतं आणि फ्लोराइडच्या जागाही अडवतं. सेमिनारमध्ये मी फक्त डिस्टिल्ड पाण्याचा आलेख दाखवला. टाळ्या मिळाल्या. पण त्या रात्री मामाचं वाक्य आठवलं. मीसुद्धा नांगर लावूनच दाखवला होता. उद्या कुणी माझ्या आकड्यांवर घरचा फिल्टर बनवला तर ते पाणी लेकरं पिणार.

पेपरमध्ये मी दोन्ही आलेख टाकले. खरं सांगतो, याची किंमत मोजावी लागली. परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं आणि आणखी काही महिने प्रयोग करावे लागले. पण आता तो पदार्थ कुठं चालतो आणि कुठं नाही, हे मला नक्की माहीत आहे.

म्हणून मर्यादा लिहिताना चार गोष्टी सांगा. तोटा कोणता? किती? कोणत्या परिस्थितीत? आणि त्याचा फटका कुणाला? “नमुने कमी होते, अधिक संशोधनाची गरज आहे” हे वाक्य कुठल्याही प्रबंधात चिकटवता येतं, म्हणजे त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: “बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात क्षमता घटते. घरगुती फिल्टरसाठी हे आकडे थेट वापरू नयेत.” आणि हे शेवटच्या पानावर दडवू नका. आकडा जिथं आहे, तिथंच त्याची अट लिहा.

मामानं गेल्या वर्षी तो ट्रॅक्टर विकला. घेणाऱ्याला आधीच सांगितलं: पंप वाढवलेला होता, आता कंपनीच्या सेटिंगवर आणलाय, इंजिनाचं काम झालंय, हे बिल. किंमत थोडी कमी आली. मी विचारलं, “मामा, नसतं सांगितलं तर?”

“तर त्यो पण कुणाला तरी इचारला असता, कामून सांगितलं न्हाई म्हणून.”

तुमच्या कामातली अशी एक तरी गोष्ट असेल, जी तुम्ही गाइडलाही सांगितलेली नाही. आज ती वहीत लिहून काढा. तुमच्या मर्यादांचं पान तिथूनच सुरू होईल.