सीचा कोरिया आणि केचा कोरिया

मागच्या व्याख्यानात आपण नाव आणि नामधारी यांच्या नात्याविषयी बोलत होतो. सभा संपताना पहिल्या रांगेतून एक चिठ्ठी आली. प्रश्न साधा होता: एकाच देशाचं नाव जुन्या इंग्रजी पुस्तकांत एका तऱ्हेनं आणि नव्या पुस्तकांत दुसऱ्या तऱ्हेनं का लिहिलेलं असतं? उत्तर दोन वाक्यांत देता येईल असं त्या वेळी आम्हाला वाटलं होतं. घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की यावर अख्खं व्याख्यान होईल. म्हणून आज आपण एकच उदाहरण घेऊ, कोरियाचं.

मराठी वाचकाला हा वाद दिसतच नाही, बरं का. आपण 'कोरिया' लिहितो आणि पुढे जातो. आपल्या 'क'ला दुसरा पर्याय नाही. रोमन लिपीत मात्र 'क'च्या आवाजाला दोन दारं आहेत, सी आणि के. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच हा देश आजही सी घालून लिहितात. जर्मन आणि डच के घालतात. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात दोन्ही चालत होते. ग्रिफिस या अमेरिकन लेखकाने 1882 साली या देशावर ग्रंथ लिहिला, त्याच्या मुखपृष्ठावर सी आहे. इझाबेला बर्ड बिशप या इंग्रज प्रवासिनीचं 1898 चं पुस्तक पाहा, त्यावर के आहे. सोळा वर्षांत अक्षर बदललं. कोणी बदललं?

त्याआधी हे नाव आलं कुठून ते पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. 918 ते 1392 या काळात त्या द्वीपकल्पावर गोऱ्यो नावाच्या घराण्याचं राज्य होतं. चिनी लोक तीच अक्षरं 'गाओली' अशी वाचत. जपानी लोक 'कोराई' म्हणत. मार्को पोलोच्या वृत्तांतात हे नाव 'काउली' अशा रूपात येतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज खलाशी जपानपर्यंत पोचले आणि नाव युरोपच्या नकाशांवर चढलं. पण तोवर गोऱ्यो घराणं जाऊन दीडशे वर्षं उलटली होती! देश स्वतःला 'जोसन' म्हणवत होता. म्हणजे घरच्यांनी केव्हाच उतरवून ठेवलेली पाटी शेजाऱ्यांनी आणि पाहुण्यांनी वापरात ठेवली. आजही तेच आहे. दक्षिणेचे लोक आपल्या देशाला 'हानगुक' म्हणतात, उत्तरेचे 'जोसन' म्हणतात. स्वतःच्या भाषेत बोलताना 'कोरिया' कोणीच म्हणत नाही.

आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना इथे सॉल क्रिपकीची आठवण होईल. 1970 साली प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांत त्याने मांडलं की नावाला अर्थ त्याच्या वर्णनामुळे येत नाही. एकदा नामकरण होतं आणि मग ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे साखळीने पोचत जातं. त्यावर गॅरेथ इव्हान्सने मादागास्करचं उदाहरण दिलं. ते नाव मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीच्या एका भागाचं होतं, गैरसमजातून बेटाला चिकटलं. साखळी तुटली नाही, पण दुसऱ्या टोकाला वस्तूच बदलली. कोरियाच्या बाबतीत वस्तू तीच राहिली, साखळीतल्या प्रत्येक कडीवर उच्चार मात्र झिजला. गोऱ्यो, कोराई, कोरिया. आणि शेवटची कडी आली तेव्हा ते लिहायचं कसं हा प्रश्न उभा राहिला.

लॅटिनच्या वळणाच्या भाषांना प्रश्नच नव्हता. अ, ओ, उ यांच्यापूर्वी सीचा उच्चार 'क' होणार हे तिथे ठरलेलं. सतराव्या शतकात हेन्ड्रिक हामेल नावाचा डच माणूस जहाज फुटून जेजू बेटावर पडला आणि तेरा वर्षं त्या देशात अडकून राहिला. त्याच्या वृत्तांताच्या शीर्षकात देशाच्या नावाला सीच आहे. आज के लिहिणाऱ्या डचांचीही तेव्हा तीच रीत होती.

इंग्रजीची अडचण वेगळी. तिथे सी कधी 'क', कधी 'स'. नकाशा काढणाऱ्यांना असली अक्षरं नकोशी वाटतात. म्हणून 1885 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने परदेशी नावं लिहिण्याचे नियम ठरवले. स्वर इटालियनसारखे, व्यंजनं इंग्रजीसारखी, आणि कठोर सीच्या जागी नेहमी के. या नियमाखाली त्यांनी उदाहरण कोणतं दिलं? कोरियाचं! पुढे 1890 साली अमेरिकेत भौगोलिक नावांचं सरकारी मंडळ स्थापन झालं, त्यांनीही केच उचलला. बर्ड बाईंच्या पुस्तकावर के का, याचं उत्तर बहुतांशी इथे आहे. फार नाट्यमय नाही, कबूल आहे. एका कचेरीतल्या समितीने तक्ता केला.

त्याच नियमांत एक पळवाटही होती. जी नावं डोळ्यांच्या फार सवयीची झाली आहेत ती तशीच राहू द्यावीत. त्या यादीत आपलं कलकत्ता होतं, कच्छही होतं. दोघांचा सी शाबूत राहिला. म्हणजे कलकत्ता इंग्रजांच्या इतकं ओळखीचं की त्याला हात लावायचा नाही, आणि कोरिया इतका अनोळखी की त्याच्यावर नियम चालवता येतो. स्पेलिंग कोणाच्या डोळ्यांसाठी ठरत होतं, ते यावरून उघड होतं.

आता जो भाग थोडा नाजूक आहे तिकडे येऊ. कोरियात पुष्कळ लोकांचा असा समज आहे की सी काढून के घातला तो जपान्यांनी. कारण असं सांगतात की रोमन वर्णक्रमात सी हा जेच्या आधी येतो. ऑलिंपिकच्या संचलनात कोरिया जपानच्या पुढे चालू नये म्हणून त्याला मागे, के वर ढकललं. कोणी 1908 सालच्या लंडन ऑलिंपिकचं नाव घेतं.

हे तपासायला हवं. 1908 च्या लंडन ऑलिंपिकला जपानचा संघच नव्हता, तो प्रथम 1912 मध्ये स्टॉकहोमला गेला. कोरियाचाही नव्हता. दुसरं, के त्याआधी वीस वर्षं इंग्रजी नियमांत शिरला होता, आणि तो शिरवणारे लंडनचे आणि वॉशिंग्टनचे होते. तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत बोलकी वाटते. 1910 मध्ये देश गिळल्यावर जपानी सरकारने 'कोरिया' हे नावच बाजूला सारलं आणि 'चोसेन' हे नाव चालवलं. ते रोमनमध्ये कोणत्या अक्षराने सुरू होतं? सीने! वर्णक्रमाची एवढी चिंता असती तर हे नाव निवडलं असतं का? आणि जपानच्या ताब्यातल्या कोरियाचं स्वतंत्र संचलनच नव्हतं, मग पुढे-मागे चालण्याचा प्रश्न येतो कुठे. अक्षर बदलण्याचा हुकूम दाखवणारा कागदही आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही.

पण म्हणून या समजाला हसून चालणार नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकली ती सोन की-जोंग या कोरियन धावपटूने. निकालपत्रात त्याचा देश जपान, आणि त्याचं नावही जपानी वाचनाप्रमाणे 'सोन कितेई'. तो सही मात्र आपल्या कोरियन अक्षरांत करत असे. पुढे 1940 पासून तर कोरियन कुटुंबांनी जपानी पद्धतीची आडनावं घ्यावीत अशी मोहीमच चालवली गेली, आणि बहुसंख्य घरांना ती घ्यावी लागली. ज्यांच्या बापजाद्यांची नावं अशी हिरावली गेली, त्यांना देशाच्या नावातलं एक अक्षरही त्यांनीच चोरलं असं वाटलं तर नवल नाही. अन्याय खरा आहे, त्याखाली दाखल केलेलं हे एक कलम तेवढं खोटं आहे. आमच्या मते खोटं कलम काढून टाकण्यात अन्याय झालेल्याचंच हित असतं. ते एक कोसळलं की विरोधी वकील बाकीच्या दाव्यावरही शंका घेतो.

2003 साली उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडचे अभ्यासक प्योंगयांगला एकत्र जमले आणि सी परत आणावा असं त्यांनी म्हटलं. बाकी कशावर एकमत होणं मुश्कील, पण या अक्षरावर झालं.

इथवर आपण बाहेरच्यांनी दिलेल्या नावाचं पाहिलं. आतल्या नावांची गंमत आणखी वेगळी आहे. आपल्याकडे क, ख, ग, घ असे चार वेगळे ध्वनी. कोरियनमध्ये त्या जागी तीन अक्षरं आहेत, आणि त्यांतलं पहिलं शब्दाच्या सुरुवातीला 'क'च्या जवळ, दोन स्वरांच्या मध्ये 'ग'च्या जवळ ऐकू येतं. त्यांच्या कानाला तो एकच ध्वनी. आता रोमनमध्ये के लिहायचा की जी? 1930 च्या दशकात मॅकक्यून आणि राइशावर या दोन अमेरिकनांनी कानाला ऐकू येईल तसं लिहायचं ठरवलं. त्यात 'पुसान' आणि 'तेगू' झाले. 2000 साली दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या अक्षराला धरून लिहायचं ठरवलं, तेव्हा 'बुसान' आणि 'देगू' झाले. शहरं हलली नाहीत, पाट्या हलल्या. जुन्या घराण्याचं नाव दक्षिणेत आता जी घालून लिहितात. उत्तरेच्या विमान कंपनीवर तेच नाव के घालून रंगवलेलं आहे.

माणसांनी मात्र सरकारचं ऐकलं नाही. नियमाप्रमाणे 'किम' आडनाव जीने लिहायला हवं, 'पार्क'चं 'बाक' व्हायला हवं. कोण लिहितं? पासपोर्टवर एकदा पडलेलं स्पेलिंग बदलणं म्हणजे काय, हे ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक. आमच्या वडिलांचं नाव लक्ष्मण. आमच्या एका दाखल्यावर ते एक्स घालून लिहिलं होतं, दुसऱ्यावर के आणि एस घालून. निवृत्तीच्या वेळी एका कचेरीने विचारलं, हे दोन वेगळे गृहस्थ आहेत काय? चार महिने पेन्शन अडली. प्रतिज्ञापत्रावर आम्ही लिहून दिलं की आमचे वडील एकच होते! तर्कशास्त्र शिकवण्यात तीस-पस्तीस वर्षं गेली, पण तादात्म्याचं विधान सहीशिक्क्यानिशी करण्याची पाळी तेव्हाच आली.

आमची गोष्ट हसण्यावारी गेली. 2014 साली केनियाचा एक प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेसाठी दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगला निघाला आणि उतरला उत्तरेच्या प्योंगयांगला. रोमनमध्ये ही दोन नावं किती जवळ आहेत ते लिहून पाहा. व्हिसा नव्हता, त्याला तिथे काही तास अडकवून ठेवलं. पुढे 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी संयोजकांनी प्योंगचांगच्या मधला सी मुद्दाम मोठ्या लिपीत छापला, पुन्हा कोणी भलत्या राजधानीत उतरू नये म्हणून.

त्याच स्पर्धेत बायकांच्या आइस हॉकीत दोन्ही कोरियांचा मिळून एक संघ खेळला. दक्षिणेचं एरवीचं ऑलिंपिक संक्षिप्त रूप केने सुरू होतं, उत्तरेचं पीने. या संघाला दोन्ही चालणार नव्हतं. मग फ्रेंच स्पेलिंगवरून तीन अक्षरं घेतली, सी, ओ, आर. संघ सगळे सामने हरला. खेळाडूंच्या अंगावर निळ्या रंगात अखंड द्वीपकल्पाचा नकाशा होता, आणि गुणफलकावर नावापुढे सी.

वेळ झाली आहे. चिठ्ठी पाठवणारे गृहस्थ आज आले असतील तर त्यांनी पुढे यावं, त्यांचा आणखी एक प्रश्न राहिला होता.