टिंग येतंय कुठून?

आजोबांच्या घरचा व्हॉल्व्हचा रेडिओ आठवतो? बटण फिरवल्यावर दिवा लगेच लागायचा, पण आवाज यायला वेळ लागे. मधेच आवाज बसला की कुणीतरी वरून एक टप्पल मारायचं!

गेल्या हिवाळ्यात ती टप्पल फार आठवली. माझ्या मामांनी १९७१ साली आजीच्या ओव्या टेप केल्या होत्या. तो स्पूल मी पुण्याहून आणला आणि इथल्या जुन्या बाजारात व्हॉल्व्हवाला टेपरेकॉर्डरही मिळाला. आजी गाऊ लागली, पण मागे मधूनच घंटेसारखं 'टिंऽऽग'! एका जाणकाराने सल्ला दिला, "टेप खराब झालीय. कॉम्प्युटरवर घ्या आणि तो आवाज गाळून टाका."

गाळायच्या आदल्या दिवशी लेक खोलीतून धावत गेली. लाकडी जमीन हादरली आणि टिंऽऽग! मी टेप थांबवली आणि तिला पुन्हा उडी मारायला लावली. तरी टिंग! म्हणजे दोष टेपचा नव्हताच.

त्याचं असं आहे. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि बारीक तारेच्या जाळीतून, म्हणजे ग्रिडमधून, अ‍ॅनोडकडे जातात. जाळी आणि कॅथोडमधलं अंतर मिलिमीटरच्या अंशाइतकंच. धक्क्याने जाळी थरथरली की ते अंतर बदलतं, त्याबरोबर प्रवाहही बदलतो आणि ती थरथर स्पीकरमधून ऐकू येते. थोडक्यात, व्हॉल्व्हचाच मायक्रोफोन होतो! यात पहिला व्हॉल्व्ह सर्वात नाजूक, कारण त्याची चूक पुढचे सगळे व्हॉल्व्ह मोठी करत नेतात. स्पीकर जवळ असेल तर त्याच्याच आवाजाने व्हॉल्व्ह हलतो आणि शिट्टी सुरू होते.

जर्मन लोक याला 'क्लिंगन', म्हणजे किणकिणणं, म्हणतात. टेलिफुंकनने स्टुडिओसाठी 'ईएफ ८०४ एस'सारखे कमी किणकिणणारे खास व्हॉल्व्ह काढले. नॉयमानचा १९४९चा प्रसिद्ध 'यू ४७' मायक्रोफोन घ्या. त्याच्या पोटात टेलिफुंकनचा 'व्हीएफ १४' व्हॉल्व्ह असे, आणि तोही निवडून घेतलेला. मायक्रोफोनमधला व्हॉल्व्ह स्वतःच मायक्रोफोन होऊन कसं चालेल?

दोषी व्हॉल्व्ह शोधायची युक्ती जुनीच आहे. यंत्र चालू ठेवून लाकडी पेन्सिलीने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारायची. जो जोरात किणकिणेल तो चोर. (आत दोन-अडीचशे व्होल्ट असतात, तेव्हा सवय नसेल तर स्वतः उघडू नका.) आमचा चोर पहिलाच निघाला, 'ईएफ ८६'. तो बदलला, यंत्राखाली जाड रबर ठेवलं, स्पीकर लांब नेला. टिंग गेली.

मग टेप पुन्हा लावली. ओवीच्या तालावर काहीतरी अगदी बारीक वाजत होतं. मी पुन्हा पेन्सिल उचलली, तेवढ्यात फोनवर ऐकत असलेली आई म्हणाली, "अरे, त्या तिच्या बांगड्या!"

टिंग गाळायला बसलो असतो, तर त्याही गेल्या असत्या.