एम. फिल. गेली, लहान प्रबंधाचे काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच. डी.संबंधीची नवी नियमावली जाहीर केली आणि तिच्यातील एका कलमान्वये एम. फिल. हा अभ्यासक्रम चालविण्यास उच्च शिक्षणसंस्थांना मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या पदवीचा निकाल आधीच लागला होता. नियमावलीने त्यावर शिक्कामोर्तब केले इतकेच. तरीही काही विद्यापीठे प्रवेश देतच राहिली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाला स्वतंत्र सूचना काढून विद्यापीठांना आणि विद्यार्थ्यांना बजावावे लागले. मानसोपचाराशी निगडित अशा दोन शाखांना तेवढी काही काळाची मुदतवाढ मिळाली. ज्यांनी ही पदवी पूर्वीच मिळविली आहे त्यांची पदवी अबाधित आहे. बाकी सर्वत्र एम. ए. आणि पीएच. डी. यांच्यामधली ही पायरी काढून टाकण्यात आली आहे.

महाराष्ट्रात याबद्दल फारसा खेद कोणी व्यक्त केला नाही आणि त्याचे नवलही नाही. एम. फिल.ची अब्रू आधीच गेलेली होती. मात्र ती घालविण्यात विद्यार्थ्यांपेक्षा नियम करणाऱ्यांचा हात मोठा होता, हे विसरून चालणार नाही. १९९१ साली महाविद्यालयीन अध्यापकांसाठी पात्रता परीक्षा सक्तीची झाली. पुढे ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत एम. फिल. झालेल्यांना तिच्यातून सूट मिळाली. २००६ मध्ये पदवी वर्गांना शिकवू इच्छिणाऱ्या एम. फिल.धारकांसाठी हे दार पुन्हा उघडले आणि २००९ मध्ये ते लावून घेण्यात आले. मधल्या काळात नेमले गेलेले बिगर नेट-सेट अध्यापक या धरसोडीत वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. २०१३ साली राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर जो दीर्घ बहिष्कार टाकला, त्यामागील मागण्यांत हाही एक प्रश्न होता. सूट आणि वेतनवाढ यांचे आमिष दिसताच पदवीला गिऱ्हाईक वाढले. परप्रांतांतील विद्यापीठांचे दूरस्थ अभ्यासक्रम जवळचे वाटू लागले. उन्हाळ्याच्या सुटीत प्रबंध लिहून, बांधून, सादर करून मंडळी जूनमध्ये वर्गावर हजर होऊ लागली. २००९ च्या नियमावलीने दूरस्थ पद्धतीने एम. फिल. आणि पीएच. डी. देण्यास बंदी घातली ती उगाच नव्हे.

हे सारे मान्य केले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. सुक्याबरोबर ओलेही जळाले की काय? पदवीचे नाव गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण त्या नावाखाली जे काम, कधी नीट तर कधी वाईट रीतीने, चालत होते ते आता कोठे व्हायचे? एका मर्यादित विषयावर, ठरावीक मुदतीत, एका मार्गदर्शकाच्या नजरेखाली शे-दीडशे पानांचा प्रबंध पुरा करणे, तो परक्या परीक्षकापुढे ठेवणे आणि त्याच्या प्रश्नांना तोंड देणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. हे काम एम. फिल.पेक्षा पुष्कळ जुने आहे आणि महाराष्ट्राच्या विद्याव्यासंगाची काही उत्तम फळे त्याच झाडाला लागलेली आहेत.

मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग सोपविण्यात आला आणि १९२४ पासून डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याची धुरा वाहिली. त्या काळी प्रबंध लिहून एम. ए. होण्याची सोय होती आणि घुर्यांनी तिचा विलक्षण उपयोग करून घेतला. इरावती कर्वे १९२८ मध्ये त्यांच्याकडेच चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून एम. ए. झाल्या आणि मग बर्लिनला गेल्या. म्हैसूरहून आलेल्या एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसुरातील विवाह आणि कुटुंब हा विषय घेतला, तो एम. ए.चा प्रबंध १९४२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दुर्गाबाई भागवतांनी एम. ए.साठी प्रारंभीच्या बौद्ध विनयातील न्यायव्यवस्थेचा अभ्यास केला आणि १९३९ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. पुढे पीएच. डी.साठी मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये हिंडताना त्या गंभीर आजारी पडल्या आणि तो प्रबंध पुरा होऊ शकला नाही. मोठा संकल्प नियतीने मोडला, पण लहान संकल्प तडीला गेलेला होता. दुर्गाबाईंच्या पुढील साऱ्या लेखनात संदर्भांची जी शिस्त दिसते तिची पहिली तालीम कोठे झाली असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

त्यांच्या धाकट्या भगिनी कमला भागवत, म्हणजेच नंतरच्या कमला सोहोनी, यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून त्यांना प्रथम प्रवेश नाकारला गेला आणि नंतर अटी घालून देण्यात आला. त्या कथेतील एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. त्यांनी तेथे जे काम केले ते दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवरचे होते आणि त्यावर १९३६ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची संशोधनाद्वारे मिळणारी एम. एस्सी. मिळाली. नंतर केंब्रिजमध्ये त्यांनी पीएच. डी. सव्वा वर्षाच्या आत आटोपली. प्रबंध होता अवघा चाळीस पानांचा. केंब्रिजचा तो वेग बंगलोरच्या तीन वर्षांनी दिलेला होता.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठविलेले पैसे, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या विकेंद्रीकरणावरील प्रबंधाबद्दल लंडन विद्यापीठाची एम. एस्सी. त्यांना मिळाली. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली आणि १९२५ मध्ये प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, म्हणून मधल्या एम. एस्सी.कडे चरित्रकार ओझरते पाहून पुढे जातात. पण तीन वर्षे खंडित झालेला अभ्यास पुन्हा हाती घेऊन जी पहिली गोष्ट त्यांनी पुरी केली ती ही होती.

थोरांची उदाहरणे देऊन सामान्यांचे प्रश्न सुटत नाहीत, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो खरा आहे. म्हणून एखाद्या तालुक्याच्या गावी मराठी किंवा अर्थशास्त्र घेऊन एम. ए. झालेल्या विद्यार्थ्याचा विचार करावा. त्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच असतो. संशोधन करायचे म्हटले की त्याला प्रथम सुचतो तो विषय आभाळाएवढा असतो : ‘स्वातंत्र्योत्तर मराठी कादंबरी’ किंवा ‘महाराष्ट्रातील सहकारी साखर उद्योग : समस्या आणि उपाय’. या विषयाला कात्री लावणे हे मार्गदर्शकाचे पहिले काम. चांगला मार्गदर्शक त्याला कादंबरीकडून एका लेखकाकडे, लेखकाकडून त्याच्या एका दशकाकडे आणतो. साखर उद्योगाकडून एका कारखान्याकडे, कारखान्याकडून ऊसतोडणी मुकादमाने मजुरांना दिलेल्या उचलीच्या हिशेबवहीकडे आणतो. विद्यार्थ्याला यात आपला अपमान झाल्यासारखे वाटते. चारसहा महिन्यांनी ती वही वाचता वाचता, उचल कधीच पूर्ण का फिटत नाही हे आकड्यांत दिसू लागते, तेव्हा त्याला कळते की विषय लहान केल्याने प्रश्न लहान झालेला नाही.

पुढचा भाग याहून कंटाळवाणा आणि म्हणून याहून महत्त्वाचा. टाचणे काढताना पृष्ठांक लिहून ठेवायचा राहून जातो आणि त्यासाठी पुन्हा शंभर किलोमीटरचा प्रवास घडतो. मुलाखतीत एकाने एक सांगितलेले असते, दुसऱ्याने त्याच्या उलट. पहिले प्रकरण चार वेळा लिहावे लागते आणि शेवटी ते काढूनच टाकावे लागते. निष्कर्ष आपल्याला हवा तसा निघत नाही. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून खपविण्याचा मोह होतो. ही सगळी दुखणी पहिल्या प्रबंधाला होतातच. ती कांजिण्यांसारखी लहान वयात झालेली बरी. दोन सत्रांपासून चार सत्रांपर्यंतच्या मुदतीत ती उरकून विद्यार्थी बाहेर पडे. आपला पिंड संशोधकाचा नाही असे त्याला आढळले, तर हाती एक पूर्ण झालेले काम आणि एक पदवी घेऊन तो सन्मानाने दुसऱ्या वाटेला लागू शके.

आता ही चाचपणी थेट पीएच. डी.मध्ये करावी लागेल. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे तिला किमान तीन आणि साधारणतः सहा वर्षांपर्यंतचा अवधी आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असले तर एम. ए. न होताही तिला प्रवेश मिळू शकतो. ज्याच्या घरी पुस्तके आणि पैसा आहेत त्याला चुकीच्या विषयात घालविलेली दोन वर्षे परवडतील. ज्याच्या बहिणीचे लग्न आणि बापाचे कर्ज त्या दोन वर्षांवर अवलंबून आहे, तो मधूनच निघून जाईल, आणि जाताना त्याच्या हाती काहीही नसेल. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांसाठी विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागतात. त्या अधिछात्रवृत्त्याही प्रामुख्याने पीएच. डी.साठीच आहेत.

एम. फिल.ऐवजी एम. ए.च्याच दुसऱ्या वर्षात संशोधन आणावे, अशी नव्या धोरणाची कल्पना आहे आणि ती मुळात वाईट नाही. घुर्यांच्या काळाकडे परत जाण्यासारखीच ती आहे. महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी नवी रचना २०२३ पासून आली तिच्यात संशोधन पद्धती हा विषय आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे. कागदावर मांडणी चोख आहे. परंतु हा प्रकल्प कोण करवून घेणार? पीएच. डी.साठी एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी अशी मर्यादा नियमांनी घातली आहे. एम. ए.चा प्रकल्प त्या नियमावलीच्या कक्षेत येत नाही. ज्या महाविद्यालयांत पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि विभाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या भरवशावर चालतो, तेथे एकेका अध्यापकाच्या वाट्याला विद्यार्थ्यांची रांग येणार आणि प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून तयार होऊन येणार. एम. फिल. ज्या रोगाने गेली तोच रोग मग एम. ए.ला जडेल, आणि तेथे रोगी संख्येने कितीतरी अधिक असतील.

आणखी एक फरक लहान वाटतो, पण आहे मोठा. एम. फिल.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे २००९ च्या नियमावलीने बंधनकारक केले होते. आपले लिखाण कोणी तरी उघडून पाहू शकेल, ही जाणीव निष्काळजी हातालाही थोडी थोपविते. एम. ए.चे प्रकल्प मात्र मूल्यांकन समितीची भेट होईपर्यंत विभागाच्या कपाटात राहतात आणि नंतर रद्दीत जातात. विद्यापीठांनी मनावर घेतले तर यात दुरुस्ती करणे अवघड नाही. एका अध्यापकाकडे किती प्रकल्प असावेत हे ठरवून द्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याची मौखिक परीक्षा दुसऱ्या महाविद्यालयातून आलेल्या परीक्षकाने घ्यावी. जो प्रकल्प चांगला ठरेल त्याची प्रत ग्रंथालयात नोंद करून ठेवावी आणि मागेल त्याला ती वाचावयास द्यावी. यासाठी लागणारा खर्च परीक्षकाच्या प्रवासभत्त्याचा आणि ग्रंथालयातील एका कपाटाचा आहे. रिकाम्या पदांचा प्रश्न तेवढा मंत्रालयात सोडवावा लागेल.