खिसा रिकामा, पुस्तक हातात!

"आई, मला ते गोष्टींचं पुस्तक घेऊन दे ना!"

"अरे, आत्ताच तर वह्यांचे पैसे भरले. पुढच्या महिन्यात बघू हं."

दोस्तांनो, हा संवाद तुमच्या घरी कधी ना कधी झालाच असेल. आणि त्यात आईचं काही चुकत नाही बरं का! दुकानात चांगलं चित्रांचं पुस्तक घ्यायला गेलं, की दीडशे-दोनशे रुपये सहज मोजावे लागतात. तुम्ही ते दोन दिवसांत वाचून संपवता आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारता, "आता काय वाचू?" वाचायची भूक अशी रोज लागते. रोज नवं पुस्तक विकत घेणं कुठल्याच घराला परवडणार नाही.

मग काय वाचणं सोडून द्यायचं? छे! तुमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर कुठे ना कुठे पुस्तकं तुमची वाट बघत असतात. फक्त दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे विचारायला न लाजणं. आणि दुसरी? ती शेवटी सांगतो.

बागेतला मुलगा

साधारण एकशेवीस वर्षांपूर्वीची ही हकिगत. मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहणारा एक मुलगा. घरात माणसं फार, जागा थोडी, पैसा त्याहून थोडा. शाळा सुटली की तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक आणि लेखक यायचे. इतर मुलं खेळतात आणि हा एकटा पुस्तकात डोकं घालून बसतो, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी आपणहून चौकशी केली आणि त्या मुलाला वाचायला पुस्तकं द्यायला सुरुवात केली.

१९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकरगुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र भेट दिलं. तो मुलगा कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. भीमराव आंबेडकर!

त्यांच्या वडिलांची, सुभेदार रामजींची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. मुलाने पुस्तक मागितलं आणि हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. तिथे पैसे नसले तर मुलीचा एखादा दागिना मागून घ्यायचे, तो गहाण ठेवून पुस्तक आणायचे आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत द्यायचे. पुढे याच मुलाने इतकी पुस्तकं जमवली, की दादरला घर बांधताना पुस्तकांसाठी मुद्दाम जागा करावी लागली. तेच 'राजगृह'.

आता बघा, या गोष्टीत कुणी लाजलं का? वडील मुलींकडे मागायला लाजले नाहीत आणि मुलगा गुरुजींची पुस्तकं घ्यायला लाजला नाही. पुस्तक मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे. हे एकदा मनात पक्कं बसलं, की पुढचं सगळं सोपं.

पहिला मुक्काम : गावातलं वाचनालय

आपलं नशीब असं, की महाराष्ट्राला वाचनालयांची फार जुनी परंपरा आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं १८४० सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झालं. आपल्या शेजारच्या गोव्यात तर पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून आहे!

१९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारकडून अनुदान मिळतं. आकार आणि कामाप्रमाणे त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अशी हजारो वाचनालयं आज राज्यात आहेत, त्यांतली पुष्कळशी खेड्यांत. शिवाय बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी जिल्हा ग्रंथालय असतं. म्हणजे ही पुस्तकं तुमच्या-आमच्या करांच्या पैशांतूनही येतात. तुम्ही वाचली नाहीत तर ती नुसती धूळ खात पडतात.

आत गेल्यावर काय करायचं? तिथल्या काकांना किंवा मावशींना सरळ विचारायचं, "इथे बालविभाग आहे का? मुलांसाठी वर्गणी किती?" बहुतेक ठिकाणी मुलांची वर्गणी मोठ्यांपेक्षा कमी असते. वर्गणीशिवाय 'अनामत' नावाची रक्कम भरावी लागते. ती सभासदत्व सोडताना परत मिळते. अनामत भरणंही जड जात असेल, तर शाळेतल्या बाईंची किंवा सरांची चिठ्ठी घेऊन जा आणि काही सवलत मिळेल का ते विचारून बघा. 'नाही' म्हणाले तरी बिघडलं कुठे? तिथे बसून वर्तमानपत्रं आणि मासिकं वाचायला सहसा पैसे पडत नाहीत.

आणखी एक युक्ती. हवं ते पुस्तक नसेल तर त्याचं नाव कागदावर लिहून द्या. वाचनालय दरवर्षी नवी पुस्तकं घेतं. कोणती घ्यायची, हे ठरवताना मुलांची मागणी कानावर आलेली असली तर फरक पडतो. मागणारं कुणी नसेल, तर बालविभागाचं कपाट रिकामंच राहणार ना!

दुसरा मुक्काम : शाळेचं कुलूपबंद कपाट

कितीतरी शाळांत पुस्तकांचं एक कपाट असतं आणि त्याला भलंमोठं कुलूप असतं! कारण विचारा, उत्तर ठरलेलं : "मुलं पुस्तकं फाडतात, हरवतात. मग हिशेब कोण देणार?" खरं सांगायचं तर बाईंची ही भीती अगदीच खोटी नसते.

मग आपणच उपाय सुचवायचा. चार-पाच जणांनी मिळून जा आणि म्हणा, "बाई, शनिवारी अर्धा तास कपाट उघडू या. नोंदवही आम्ही ठेवतो." एका साध्या वहीत चार रकाने आखा : वाचणाऱ्याचं नाव, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. महिनाभर एकही पुस्तक हरवलं नाही, की कुलपाची चावी आपोआप सैल होते.

कपाटच नसेल तर? तर वर्गाची पेटी करा. हे गणित बघा. वर्गात ४० मुलं आहेत. प्रत्येकाने घरातलं एक पुस्तक आणलं. म्हणजे एक पैसाही खर्च न करता प्रत्येकाला ३९ नवी पुस्तकं मिळाली. आठवड्याला एक अशी अदलाबदल केली, तर ३९ आठवडे, म्हणजे जवळजवळ अख्खं शालेय वर्ष पुरतील! ताईदादाची जुनी 'बालभारती' आणि 'कुमारभारती'सुद्धा पेटीत चालेल. अभ्यास नसतो तेव्हा त्यातले धडे किती छान लागतात, वाचून तर बघा.

तिसरा मुक्काम : रद्दीचं दुकान

रद्दीवाल्या काकांच्या दुकानात पुस्तकाची किंमत त्याच्यावर छापलेली नसते, ती तराजू ठरवतो! वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे जुनी मासिकं, गोष्टींची पुस्तकं, कोश असं काहीही सापडतं. "काका, ढीग बघू का? परत नीट रचून ठेवतो," असं म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांचे ढीग चाळणारे वाचक पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहेत.

जुनं पुस्तक घेताना पानांचे आकडे मात्र तपासा. पुस्तक छापताना बरेचदा सोळा-सोळा पानांचा एक गठ्ठा करून असे गठ्ठे एकत्र बांधतात. त्यामुळे शिवण सुटली, की एकदम सोळा पानं गळून गेलेली असतात आणि नेमका चोर पकडायच्या वेळी गोष्ट तुटते!

दिवाळी अंकांचीही एक गंमत आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे दिवाळीला फराळाबरोबर अंकही असतात. मुलांचेही वेगळे अंक निघतात. थोडं थांबायची तयारी असेल तर तेच अंक पुढे रद्दीत थोडक्यात मिळतात. गोष्ट काही शिळी होत नाही!

नवं कोरं पुस्तकच हवं असेल, तर नॅशनल बुक ट्रस्टची यादी बघा. १९५७ साली सुरू झालेली ही सरकारी संस्था 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेत मुलांची पुस्तकं कमी किमतीत छापते, मराठीतसुद्धा.

चौथा मुक्काम : बाबांचा फोन

फोनवर खेळ खेळता ना? मग त्यावर वाचायलाही हरकत नाही. 'किशोर' मासिक बालभारतीने १९७१ साली सुरू केलं. त्याचे जुने अंक आता बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. तुमच्या आईबाबांनी लहानपणी वाचलेला अंक तुम्हाला तिथे सापडेल. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर छोट्या मुलांसाठी चित्रांच्या गोष्टी आहेत. मराठी विश्वकोशाच्या नोंदीही पैसे न देता वाचता येतात.

आणि मराठी 'विकिस्रोत'वर साने गुरुजींची पुस्तकं आहेत. ती मोफत कशी, ठाऊक आहे? आपल्या देशात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं त्याच्या पुस्तकांवर त्याच्या वारसांचा हक्क असतो. मग ती पुस्तकं सगळ्यांची होतात. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यापुढची ६० वर्षं २०१० च्या अखेरीस संपली आणि १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' तुमची, आमची, सगळ्यांची झाली!

'फास्टर फेणे'चे लेखक भा. रा. भागवत २००१ साली गेले. म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे. तेव्हा बन्या फेणेच्या करामती कुणी फोनवर चोरून पाठवल्या, तर त्या फुकट मिळाल्या असं समजू नका. लिहिणाऱ्याच्या घरी जायचे पैसे आपण मधल्या मधे अडवले, असा त्याचा अर्थ होतो. फास्टर फेणे वाचनालयातून आणावा. एक प्रत रीतसर विकत घेतलेली असते आणि ती शंभर मुलं वाचतात. कुणाचंच नुकसान नाही.

सुट्टीतली एक सहल

पाचगणीला जाणार असाल तर शेजारच्या भिलार गावी थांबाच. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालं आहे. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांत आणि देवळांतही, पुस्तकांची कपाटं मांडली गेली. कुठेही शिरा, पुस्तक काढा आणि बसून वाचा. पैसे नाहीत! कुणाच्या तरी ओसरीवर बसून वाचायची मजा घेऊन बघा.

आईबाबांशी दोन शब्द

पालकहो, मुलाने पुस्तक मागितलं आणि पैसे नसले, तर 'वाचून काय पोट भरतं का?' एवढं मात्र म्हणू नका. त्याऐवजी रविवारी त्याचं बोट धरून वाचनालयात चला. वाढदिवसाला येणाऱ्या पाहुण्यांना सांगा, "खाऊ नको, घरातलं वाचून झालेलं एक पुस्तक आणा." मूल काय वाचतंय हे जरूर बघा, पण भुताची गोष्ट वाचतंय म्हणून रागावू नका. आज भूत वाचणारं मूल उद्या चरित्रही वाचेल.

आणि ती दुसरी गोष्ट

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. फुकट मिळालेल्या पुस्तकाचीही एक किंमत असते. ती म्हणजे ते वेळेवर आणि धड परत करणं.

विचार करा, वाचनालयातलं पुस्तक तुमच्या हाती कसं आलं? तुमच्या आधी कुणीतरी ते परत केलं म्हणून! पान दुमडलं नाही, चित्र कापलं नाही, मधे पेनाने मिशा काढल्या नाहीत म्हणून. तुम्ही ते घरी दडपून ठेवलंत, तर विकत घेऊ शकणाऱ्या मुलाचं काहीच अडत नाही, तो दुकानातून आणेल. अडतं ते ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याचं. त्याच्यासाठी ती एकच प्रत असते. आणि एक पुस्तक हरवलं, की शाळेच्या कपाटाला पुन्हा कुलूप लागतं, चाळीसही जणांसाठी.

म्हणून आजच तीन कामं करा. घरात कुणाचं उसनं आणलेलं पुस्तक पडलंय का, ते शोधा. त्याला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घाला, फाटलेलं पान खळीने चिकटवा. आणि उद्या ज्याचं त्याला नेऊन द्या. जाताना "दुसरं एखादं आहे का हो?" हे विचारायला मात्र विसरू नका!